पान एकोणपन्नासच्या पुढे

"हल्ली काय, कुणाचंही छापतात."

कुणीतरी माझ्या अगदी कानाशी कुरकुरलं. मी दचकून मागे वळून पाहिलं. मागे फक्त आमची म्हैस होती. म्हशीला साहित्यात गती नाही. तेव्हा ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं असणार, हे मला कबूल करावं लागलं.

झालं होतं असं, की बहिरू पोस्टमन नुकताच येऊन गेला होता. आमच्या कासार आंबोलीत कार्ड ज्याच्या नावाचं असतं, त्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं. शेजारच्या भरे गावच्या सगुणाबाईच्या नावाचं कार्ड बहिरूने आधी मला वाचून दाखवलं. तिची गोष्ट पुण्याच्या एका दिवाळी अंकात येणार होती! मग त्याने पिशवीतून एक पाकीट काढलं, हातावर दोनदा तोललं आणि सुतक सांगावं तसं म्हणाला, "बाई, हे तुमचं. जाड हाय."

लिहिणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. संपादकाकडून पाकीट जाड आलं, की आत आपलीच गोष्ट असते. माझी कथा अठरा पानांची होती आणि तीत चार माणसं मरत होती. एवढी माणसं मारूनही साभार परत!

पण वाचकहो, माझं मन मोठं आहे. दुसऱ्याच्या यशाने पोटात दुखणाऱ्यांतली मी नव्हे. शेणाची पाटी खाली ठेवता ठेवता मी ठरवून टाकलं, की सगुणाबाईचा सत्कार करायचा, आणि असा करायचा, की पौडच्या मामलेदाराला बदलीच्या वेळी मिळाला नसेल!

आमचं एक लेखक मंडळ होतं. सत्तावन्न सालची ही गोष्ट. मंडळात माणसं पाच. जयसिंग मास्तर अध्यक्ष. ते ऐतिहासिक कादंबरी लिहीत. कादंबरी नऊ वर्षं चालली होती आणि नायक अजून घोड्यावरून उतरला नव्हता. पौडच्या लीलाबाई कविता करत. त्यांचे यजमान कचेरीत होते, त्यामुळे लीलाबाईंच्या कवितेला सरकारी कागद मिळे. तिसरी सगुणाबाई, आमच्यात सगळ्यांत लहान. घरची भातशेती सांभाळून जुन्या पंचांगाच्या कोऱ्या बाजूवर गोष्टी लिहायची. चौथी माझी शेजारीण, तुळजामावशी. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओव्या अशा रचायची, की जात्याने फिरायचं थांबावं. त्या मी लिहून घेत असे.

आणि पाचवी मी. मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे, शेवट नाही. साखर संपायची तिथे कथाही संपायची.

मंडळाचा एक नियम होता. पुस्तक असो, मासिक असो, एकच प्रत फिरवायची. वाचून झालं, की आतल्या बाजूला डकवलेल्या चिठ्ठीवर नाव, तारीख आणि शेरा लिहून पुढे पाठवायची. नियम मास्तरांचा, चिठ्ठी मास्तरांची आणि खळही मास्तरांची.

दिवाळी झाली आणि अंक आला. सगुणाबाई भऱ्याहून चालत आली. अंक नवऱ्याच्या उपरण्यात गुंडाळला होता, जसं काही त्याला थंडी वाजेल. तिने तो माझ्या हातात दिला. लिहिताना ही बाई 'आहे' लिहिते आणि बोलताना 'हाय' म्हणते. मला उगाच दोन सगुणा असल्यासारखं वाटतं.

"आक्का, पयली तुमी वाचा," ती म्हणाली. "संपादकांनी दुसरी गोष्ट मागितलीया. पन मी ठरवलंया, तुमी मंडळी वाचून खरं काय ते सांगाल, तसंच करायचं. बरी नसंल तर मी पुन्हा न्हाई ल्हेणार. घरात बोलनी खाऊन कशाला कागद खराब करायचा?"

मी म्हटलं, अगं, आजच वाचते!

ती गेली. मी अंक उघडला. अनुक्रमणिकेत तिचं नाव, पान एकोणपन्नास. मी पान एकोणपन्नास काढलं. वर एक चित्र होतं. विहिरीच्या काठावर पदर सावरून उभी असलेली बाई, कमरेवर घागर. खाली जाड अक्षरांत 'सौ. सगुणाबाई'. मी ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग एकदम आठवलं, की राशिभविष्य वाचायचं राहिलंय.

राशिभविष्य झालं. मग जाहिराती झाल्या. दमा, दंतमंजन, दागिन्यांची पेटी, सगळं झालं. पाककृती झाल्या. दुसऱ्या दिवशी पान अठ्ठेचाळीसपर्यंतचा अंक मी तोंडपाठ म्हणू शकले असते. पण एकोणपन्नास आलं, की मला काम आठवायचं. त्या आठवड्यात मी तीन वर्षांत झाडला नव्हता तो माळा झाडला, उतू गेलेलं दूध घासून काढलं आणि सासूबाईंना आपणहून पत्र लिहिलं. त्या घाबरून गेल्या.

त्यात तुळजामावशी! भाताची झोडणी चाललेली, अंगावर तूस, तरी रोज संध्याकाळी कुंपणापाशी हजर.

"चंदरा, सगुणीची गोष्ट वाचून दाव की."

पहिल्या दिवशी मी चष्मा सापडत नाही म्हटलं. तो माझ्या नाकावर होता. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात लपले, तर म्हशीने हंबरून माझा पत्ता सांगितला. शेवटी मी अंक पुढे पाठवायचा ठरवला. चिठ्ठीवर लिहिलं, 'उत्तम'. मावशीला म्हटलं, तुझा अंगठा लाव म्हणजे पुढे धाडते. ती म्हणाली, वाचल्याबिगर अंगठा द्यायची न्हाई, तसा एकदा दिला आनि अख्खा बांध भावकीत गेला! तिची जागा कोरी राहिली.

अंक कंडक्टरच्या हाती पौडला गेला. लीलाबाईंनी तो एका दिवसात मास्तरांकडे दिला, मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सगुणाबाईकडे पोचवला. एवढी घाई या मंडळींनी पंचाहत्तर पानी मासिकाला कधी केली नव्हती. सत्काराची तारीख ठरवायला भेटलो तेव्हा लीलाबाईंनी आपण होऊन आपला शेरा सांगितला: 'उत्तमच! शेवट काळजाला पीळ पाडणारा.' मास्तरांचा होता: 'भाषा ओजस्वी. प्रसंग रोमहर्षक.'

माझा जळफळाट झाला. माझं एकच 'उत्तम' त्यांच्यापुढे पुडीच्या दोऱ्यासारखं दिसायला लागलं. या दोघांनी मनापासून वाचली म्हणायची, आणि मी तेवढी कोत्या मनाची! सगुणाबाई मात्र भेटेल त्याला विचारत होती, "कशी वाटली?" आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणत होतो, "छान!" दर 'छान'गणिक तिचं तोंड उतरत होतं. मला वाटलं, विनयाने असेल.

सत्कार शनिवारी ठरला. सकाळची शाळा सुटली, की शाळेची खोली आमची. पाचच्या एस.टी.ने बहिरू टपालाची थैली पाठवतो, तेव्हा गाडीच्या आधी सगळं आटपायचं, कारण बहिरूला घारगे आवडतात.

घारगे माझ्याकडे होते. सकाळी मी विळीवर भोपळा चिरत होते तेव्हा सगुणाबाई आली. सत्काराच्या टेबलावर ठेवायला अंक देऊन लगेच निघाली. चेहरा असा, जसं काही सत्कार नसून जबानी आहे. थांबत नाही म्हणाली, मावशीबरोबर शाळा सारवायला गेली.

मी अंकाकडे पाहिलं. अंकाने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, चंद्राबाई, दुपारी चार शब्द बोलायचे आहेत, आता तरी लाज धर. पदराला हात पुसले आणि पान एकोणपन्नास उघडलं. पहिलं पान वाचलं. उलटलं.

उलटेना.

पुन्हा पाहिलं. पन्नास ते पंचावन्न ही पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती! छापखान्यात तेवढीच घडी कापायची राहून गेली होती. अशी पानं पहिल्या वाचकाने सुरीने कापून घ्यायची असतात, आणि कापल्याशिवाय आतलं अक्षर दिसत नाही.

पहिल्यांदा मला जो आनंद झाला, तो सांगायची लाज वाटते. म्हणजे लीलाबाईंच्या काळजाला पीळ पडला तो विहिरीच्या चित्राने! आणि मास्तरांचा रोमहर्ष झाला तो घागरीने! कुणीच वाचली नव्हती. मी एकटीच पापी नव्हते, अख्खं मंडळ माझ्याबरोबर होतं. पण आनंद कढईत तूप विरघळावं तसा विरघळला. दुपारी सगुणाला कुणी वाचायला सांगितलं आणि तिने सर्वांसमोर ही पानं उघडली तर?

कापायलाच हवी होती. पण घरात सुरी कुठली? विळे सगळे शेतावर. समोर होती ती विळी, भोपळ्याने माखलेली. म्हटलं, भाजी चिरते तसा कागद! अंक आडवा धरला आणि ओढला. पहिली घडी झक्क निघाली. दुसरी थोडी तिरकी गेली. शेवटच्या घडीला हात सटकला आणि पान पंचावन्नची वरची ओळच्या ओळ पट्टी होऊन भोपळ्याच्या सालीत पडली. मागच्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात होती, त्यातल्या बाईचे केस गेले.

पट्टी शोधायला हवी होती. पण माझी नजर पान पन्नासवर पडली होती.

गोष्टीत विहीर नव्हतीच. दोन जावा होत्या. एका चुलीवर रांधायच्या, पण अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. काही सांगायचं झालं, की गायीला सांगायच्या. "कपिले, सांग तिला, मीठ संपलंय." "कपिले, तिला म्हणावं, डोळे असतील तर मडकं दिसेल." गाय रवंथ करायची आणि घर चालायचं. मग एक दिवस सासरा गाय विकतो. दोघी गोठ्याच्या दारात उभ्या. कपिला वळणावरून दिसेनाशी होते. सांज होते. चुलीपुढे दोघी बसलेल्या, घरात शब्द नाही. पान चोपन्नच्या तळाला शेवटची ओळ होती, 'आणि थोरलीकडे न बघता धाकटी म्हणाली,'

पुढे पान पंचावन्न. वरची ओळ नाही. दुसरी ओळ अशी, 'थोरलीच्या हातातलं लाटणं खाली पडलं.'

काय म्हणाली? मी साली उपसायला धावले. साली नव्हत्या. आमच्या गड्याने त्या टोपलीसकट म्हशीपुढे नेऊन ओतल्या होत्या. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. अकरा वर्षांनी धाकटी जाऊ पहिल्यांदा काय बोलली, ते आमच्या म्हशीला कळलं आणि मला नाही!

मी गोठ्यात तशीच बसून राहिले. घरात चुलीवर आधी शिजत टाकलेला भोपळा करपला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं धुराचं नव्हतं. अठरा पानांत चार माणसं मारून मला जे जमलं नाही, ते या पोरीने एक गाय विकून केलं होतं. आणि गोठा माझ्याकडेही होता की! जाऊ माझ्याकडेही आहे!

दुपारी शाळेत सतरंजी टाकली, टेबलावर अंक ठेवला, सगुणाबाईला हार घातला. पाचपन्नास माणसं नव्हती. आम्ही, गावातल्या बायका आणि दाराशी घारग्यांची वाट बघणारा बहिरू. सगुणाबाई पदराखाली काहीतरी चाचपत होती. मला वाटलं, उत्तराचं भाषण असेल.

मास्तर उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की गोष्टीची नायिका विहिरीवर एकटी असताना मोगल सरदार येतो, तेव्हा ती घागरीच्या एका घावात त्याला कसा लोळवते, हे वाचून त्यांची मूठ आपोआप वळली. ती त्यांनी वळून दाखवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईने मान खाली घातली.

मग लीलाबाई. त्यांनी मास्तरांकडे जरा चमकून पाहिलं, पण त्या कचेरीतल्या माणसाच्या पत्नी. कागदात विसंगती आली तर नव्या कागदाने झाकायची, हे त्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या, सरदार लोळतो हे खरं, पण कलंक नको म्हणून नायिका शेवटी विहिरीत उडी घेते, आणि मागे राहिलेली रिकामी घागर... पुढे त्यांना बोलवेना. त्यांनी रुमाल काढला. मास्तरही गहिवरले. मेलेल्या बाईला दोघांनी मिळून पुन्हा एकदा मारलं.

आणि मी बसले होते निखाऱ्यावर! त्या खोलीत गोष्ट वाचलेली मी एकटी. गाय म्हणावं, तर या दोघांची अब्रू जाते. विहीर म्हणावं, तर जीभ झडेल. माझी पाळी आली. मी उभी राहिले, घसा खाकरला आणि म्हटलं, की अंकाचा कागद फार चांगला आहे. गुळगुळीत आहे. छपाईही ठळक आहे. बांधणी मजबूत आहे. मग काही सुचेना, तेव्हा घारगे गरम आहेत असं सांगून मी खाली बसले.

मागच्या रांगेतून तुळजामावशी उठली.

"मला अक्षर येत न्हाई," ती म्हणाली. "म्हून कुनी काय सांगंल त्ये खरं. पन मास्तरानं एक सांगितली, लीलाबाईनी दुसरी सांगितली, हिनं तर कागदाचं सांगितलं. मला अजून कुनी वाचून दावली न्हाई. सगुणे, तू वाच गं. तुझी तूच वाच."

सगुणाबाई उठली. टेबलापाशी गेली. अंक उचलला, पान एकोणपन्नास काढलं आणि उलटलं. पान उलटलं! भोपळ्याचा वास आमच्यापर्यंत आला. तिने कापलेल्या तिरक्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळं लागलं.

"सकाळपातूर ही पानं जोडल्याली व्हती," ती हळूच म्हणाली. आरडाओरड नाही, काही नाही. "अंक आला त्या दिवशीच मला दिसलं. मी मुद्दाम कापली न्हाई. म्हटलं, पयल्यांदा उघडायचा मान आपल्या मंडळींचा. मग फिरून माझ्याकडं आला, तर चिठ्ठीवर तीन शेरे आनि पानं तशीच. वाट बघितली, कुनी काय म्हनतंय का. आज सकाळी कुनीतरी कापली, मी बघंन म्हून."

मास्तर छताकडे बघू लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, कौलं होती. लीलाबाईंनी रुमालाची घडी घातली, मोडली आणि परत घातली. मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही, म्हणून पायांकडे पाहिलं. भऱ्याची धूळ होती. ती आजही चालत आली होती.

बाहेर वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला. बहिरूने हातातला घारगा तोंडात कोंबला आणि थैली खांद्याला लावली. तेव्हा सगुणाबाईने पदराखालून ती वस्तू काढली. भाषण नव्हतं. कार्ड होतं. संपादकांचा पत्ता लिहिलेलं.

"बहिरूभाऊ, जरा थांबा. हे घेऊन जा," ती म्हणाली.

बहिरूने कार्ड घेतलं आणि सवयीप्रमाणे आधी स्वतः मोठ्याने वाचलं. 'दुसरी गोष्ट पाठवणे जमणार नाही. क्षमा असावी.' आपल्या भागात कार्ड ज्याच्या नावाचं असतं त्याला शेवटी कळतं, तसं तेही संपादकाच्या आधी आम्हां सगळ्यांना कळलं. बहिरू कार्ड हातावर तोलत उभा राहिला. कार्डाला वजन नसतं. तरी तो तोलत होता.

"न्या की," सगुणाबाई म्हणाली. मग आमच्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज सरळ. "मी रागावले न्हाई. फकस्त एवढं सांगा, आक्का. येवढी वाईट हाय का, की पयल्या पानाच्या म्होरं कुनालाच जाववलं न्हाई?"

भोंगा पुन्हा वाजला. मास्तर कौलं मोजत होते. लीलाबाई रुमाल मोजत होत्या.

"वाईट नाही गं. मला तुझा हेवा वाटला. माझं जाड पाकीट आलं आणि तुझं नाव छापून आलं, म्हणून न वाचताच वाटला. आणि आज सकाळी विळीपाशी बसून वाचली, कपिला गेली तिथपर्यंत, तेव्हा तर त्याहून जास्त वाटला."

कुणीतरी अगदी जवळून, खणखणीत बोललं होतं. बहिरूचा हात थैलीपाशी थांबला. मी मागे वळून पाहिलं.

मागे फक्त फळा होता.